आलापल्लीच्या रस्त्याखालची माती सगळ्या दिशांना सारखी नसते, मग तिची तपासणी एकाच दिशेने का?

आलापल्लीचं नाव बहुतेकांना माहिती आहे ते सागवानामुळे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये जे सागवान गेलं, ते याच पट्ट्यातलं. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातलं हे गाव दुसऱ्या एका गोष्टीसाठीही सतत बातम्यांत असतं, आणि ती गोष्ट म्हणजे रस्ता.

आलापल्ली हा दक्षिण गडचिरोलीचा नाका आहे. सिरोंचाला जा, भामरागडला जा, एटापल्लीला जा, नाहीतर आष्टीमार्गे चंद्रपूर गाठा, गाडी आलापल्लीवरूनच वळते. इथून सिरोंचापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी साधारण १०० किलोमीटरचा. या रस्त्याचे खड्डे, रखडलेलं काम आणि पावसाळ्यातला चिखल यांचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात. त्यात भर पडली सुरजागडच्या लोहखनिजाची. २०२१ पासून तिथलं उत्खनन नियमित सुरू झालं आणि खनिजाचे ट्रक एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या मार्गावर धावू लागले.

रस्ता खराब का, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. पाऊस जास्त आहे, ट्रक जड आहेत, वनखात्याची परवानगी अडकली, काम निकृष्ट झालं. आणि शेवटी एक उत्तर हमखास येतं: "इथली मातीच तशी आहे."

पहिल्या चार उत्तरांवर भरपूर भांडणं होतात. पाचव्यावर कोणी बोलत नाही, कारण मातीला कोण जाब विचारणार? पण "मातीच तशी आहे" म्हणजे नेमकी कशी? याचं उत्तर विज्ञानाकडे आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्याकडच्या रोजच्या तपासण्यांत बहुतेक वेळा सुटून जातो. तो भाग आहे दिशेचा.

आधी लाकूड समजून घेऊ

आलापल्लीतल्या कुठल्याही सुताराला विचारा. सागाचा ओंडका तंतूंच्या दिशेने कुऱ्हाडीच्या दोन घावांत फाकतो. तोच ओंडका आडवा तोडायचा तर करवत घेऊन घाम गाळावा लागतो. लाकूड तेच, झाड तेच, पण दिशा बदलली की ताकद बदलली. इंजिनिअर याला अ‍ॅनआयसोट्रॉपी म्हणतात. आपण सरळ दिशासापेक्षता म्हणू.

लोखंडाच्या साध्या सळईत किंवा काचेत असा फरक जवळजवळ नसतो. कुठूनही दाबा, वागणूक सारखीच. गोम अशी की जमिनीचं गणित मांडताना बऱ्याचदा माती ही काचेसारखी, म्हणजे सगळ्या दिशांना सारखी, असं धरून चालतात. प्रत्यक्षात चिकणमाती लाकडाच्या जवळची आहे.

चिकणमातीला 'तंतू' कुठून आले?

वाळूचा कण साधारण गोलसर असतो. चिकणमातीचा कण म्हणजे पत्र्याचा तुकडा. काळ्या मातीत जे मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचा एक थर साधारण १ नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लांबी-रुंदी मात्र जाडीच्या कितीतरी पट. पत्त्यांच्या कॅटसारखे हे थर एकावर एक बसतात आणि त्यांच्या फटींत पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात. काळी माती फुगते ती यामुळे.

आता नदीचा विचार करा. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. वर्धा तर विदर्भातल्या काळ्या मातीच्या मुलुखातून वाहत येते. पूर ओसरला की पाण्यातला बारीक गाळ संथपणे खाली बसतो. पत्र्यासारखे कण पडताना आडवे पडतात. त्यावर पुढच्या वर्षीचा थर, त्यावर पुढचा. वरच्या थरांच्या वजनाने खालचे कण आणखी आडवे होतात. शेकडो वर्षांनी तयार होणाऱ्या मातीला वरून दाबणं आणि बाजूने दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

म्हणजे मातीला एक प्रकारची आठवण असते. ती कशी साचली आणि तिच्यावर कुठून किती भार आला, हे तिच्या रचनेत उतरलेलं असतं.

आलापल्लीच्या आसपास सगळीकडे एकच माती नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. जंगलात तांबडी-पिवळी, रेताड माती बरीच आहे, तर नदी-नाल्यांच्या काठाला चिकण गाळाची. जुन्या चांदा जिल्ह्याच्या महसुली नोंदींत काळी, कन्हार, मोरंड, खरडी, वरडी अशी मातीची नावं येतात. एकाच गावच्या शिवारात यातल्या दोन-तीन सापडतात. शेतकरी ही नावं पीक आणि पाणी पाहून वापरतो. रस्ता मात्र या सगळ्यांवरून एकाच रुंदीने आणि बऱ्याचदा एकाच जाडीने जातो.

काळी माती तर आणखी वेगळी

उन्हाळ्यात काळ्या शेताला पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. हात आत जाईल एवढ्या. या भेगा उभ्या असतात. म्हणजे पहिला पाऊस आला की पाणी या भेगांतून खोलवर थेट जातं, आडवं मात्र तितक्या वेगाने पसरत नाही. मातीचं फुगणंही त्यामुळे सगळीकडे एकाच वेळी होत नाही.

दुसरी गोष्ट वरून दिसत नाही. विहीर किंवा पाया खणताना काळ्या मातीचं ढेकूळ फुटलं की कधीकधी आत घासून पॉलिश केल्यासारखा चकचकीत पृष्ठभाग दिसतो. मातीचे शास्त्रज्ञ याला स्लिकनसाइड म्हणतात. माती वर्षानुवर्षं फुगते आणि आकसते. बाजूला जागा नसल्याने तिचे तुकडे एकमेकांवर तिरके घासतात, आणि त्यातून असे तिरके पृष्ठभाग तयार होतात. काळ्या मातीची शास्त्रीय ओळख ठरवताना हे पृष्ठभाग आणि आडव्या पातळीशी १० ते ६० अंशांत कललेले पाचरीसारखे तुकडे यांना महत्त्व दिलं जातं.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर जमिनीत आधीच तयार असलेल्या घसरगुंड्या आहेत. त्या दिशेने जोर लागला तर माती लवकर सरकते. दुसऱ्या दिशेने लागला तर टिकते.

मग तपासणी कशी होते?

आपल्याकडे रस्त्याखालच्या मातीसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी म्हणजे सीबीआर. मातीचा नमुना साच्यात ठोकून भरतात, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा वरून खाली दाबतात. किती जोर लागला, त्यावरून एक आकडा मिळतो. तो आकडा घेऊन रस्त्याचे थर किती जाड हवेत ते ठरतं.

चाचणी सोपी आहे, स्वस्त आहे, जगभर वापरली जाते. पण तिच्यात दोन गोष्टी घडतात. एक, माती मोडून पुन्हा ठोकली की तिची मूळ रचना, म्हणजे ती आठवण, पुसली जाते. भरावासाठी हे चालून जातं, कारण तिथली माती तशीही मोडून, रोलर फिरवूनच टाकलेली असते. भरावाच्या खाली जी मूळ जमीन आहे, तिच्याबद्दल मात्र हा आकडा फार काही सांगत नाही. दोन, दाब फक्त उभा असतो.

फुगण्याची चाचणीही तशीच. नमुना लोखंडी कड्यात ठेवतात आणि तो वर किती फुगतो किंवा वर किती जोर लावतो ते मोजतात. बाजूला कडं असल्याने तिकडे काय झालं असतं, ते कळत नाही. पण मोरीची भिंत, पुलाचा कडेचा आधार, घराचा चौथरा यांना माती बाजूनेच ढकलत असते.

चाक येतं तेव्हा मातीला काय होतं?

इथे ट्रकचा मुद्दा येतो. तुम्ही जमिनीखालचा मातीचा एक छोटा घन आहात अशी कल्पना करा. ट्रकचं चाक दुरून येतंय. तेव्हा जोर तुमच्यावर तिरका येतो. चाक बरोबर डोक्यावर आलं की जोर उभा. चाक पुढे गेलं की पुन्हा तिरका, पण उलट्या बाजूने. एका चाकाच्या एका फेरीत जोराची दिशा फिरत जाते.

सगळ्या दिशांना सारखी माती असती तर फक्त सर्वांत मोठा जोर पाहून भागलं असतं. दिशासापेक्ष मातीत मात्र जोर कमी असला तरी तो नेमका कमजोर दिशेने आला, की नुकसान होतं. प्रत्येक फेरीत थोडं. हजारो फेऱ्यांनंतर चाकोरी पडते, डांबर तडकतं, पाणी आत शिरतं आणि पुढचं काम पाऊस करतो.

वजनाचा हिशेबही पाहू. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवण्यात आले. त्यातून एक ढोबळ नियम निघाला: रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भारतात जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढलं फक्त १३ टक्क्यांच्या आसपास. चौथ्या घाताच्या नियमाने नुकसान मात्र सुमारे १.६ पट. ट्रक मर्यादेपेक्षा ३० टक्के जास्त भरला असेल तर जवळपास २.९ पट.

सुरजागडच्या खाणीला २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन उत्खननाची पर्यावरण परवानगी मिळाली. आता हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन झाली आहे. जितकं खनिज पाइपमधून जाईल तितका रस्त्यावरचा ताण कमी होईल. पण रस्त्याखालची माती तीच राहणार आहे.

रस्त्याच्या कडेलाच भेग का पडते?

काळ्या मातीवरच्या रस्त्यांना एक ठरावीक भेग पडते. कडेपासून थोडी आत आणि रस्त्याला समांतर, लांबच लांब. ट्रक मधूनही जातात, मग भेग कडेलाच का?

डांबराखालची मधली माती झाकलेली असते, तिच्यातली ओल वर्षभर फारशी बदलत नाही. कडेची माती उघडी असते. उन्हाळ्यात ती आकसते आणि बाहेरच्या बाजूला ओढली जाते, पावसाळ्यात फुगते. म्हणजे रस्त्याचा मधला भाग स्थिर आणि कडा दरवर्षी वर-खाली, आत-बाहेर. त्या ओढाताणीत दोन्हींच्या मध्ये रस्ता फाटतो.

अशी भेग दिसली की वरून डांबर ओतून बुजवतात. पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा उघडते. कारण भेगेचं मूळ बाजूच्या मातीच्या आडव्या हालचालीत आहे आणि इलाज वरून चालला आहे.

जगाने हे गणित कसं सोडवलं?

हा विषय नवा नाही. १९४४ मध्ये कासाग्रांदे आणि कारिलो यांनी दिशेनुसार मातीची ताकद बदलते, हे गणितात मांडलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लॉरिट्स ब्येरुम यांनी मऊ चिकणमातीवरच्या भरावांचा अभ्यास केला. भराव खचताना मातीवर तीन ठिकाणी तीन प्रकारचा जोर येतो, हा त्यातला कळीचा मुद्दा. भरावाच्या खाली ती वरून दाबली जाते, मधल्या पट्ट्यात आडवी कातरली जाते आणि भरावाच्या पायथ्याशी बाजूने दाबली जाऊन वर उचलली जाते. काही मऊ मातींत वरून दाबल्यावर मिळणारी ताकद आणि बाजूने दाबल्यावर मिळणारी ताकद यांत जवळपास दुपटीचा फरक निघतो. वरच्या दाबाचा एकच आकडा सगळीकडे वापरला, तर हिशेब कागदावर सुरक्षित दिसतो आणि जमीन मात्र सरकते.

कॉम्प्युटर मॉडेलचं काम इथे सुरू होतं. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये कॅम-क्ले नावाचं मॉडेल तयार झालं. माती किती जोरापर्यंत आपला आकार सांभाळते आणि कुठे कायमची दबते, याची हद्द त्यात एका बंद वक्राने दाखवतात. १९६८ च्या सुधारित मॉडेलमध्ये हा वक्र म्हणजे सरळ आडवी ठेवलेली लंबगोल. पण नैसर्गिक मातीवर चाचण्या घेतल्या की लंबगोल कललेली निघते. हा कल म्हणजेच मातीची आठवण.

२००३ मध्ये सायमन व्हीलर आणि त्यांच्या फिनलंडमधल्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या एस-क्ले १ या मॉडेलमध्ये लंबगोल कललेली तर आहेच, शिवाय माती नव्या दिशेने दबत गेली की तिचा कलही हळूहळू बदलतो. म्हणजे जुनी आठवण पुसून नवी लिहिली जाते. प्लॅक्सिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये नॉर्वेचं आणखी एक मॉडेल मिळतं, ज्यात वरून, आडवी आणि बाजूने अशा तीन ताकदी वेगवेगळ्या भरता येतात.

चूक झाली तर काय होतं, याचं उदाहरण २००५ मधलं. कतरिना वादळात अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरातली १७व्या स्ट्रीट कालव्याची पूरभिंत, पाणी तिच्या माथ्यापर्यंत पोचण्याआधीच सरकली. भिंत जागची हलली ती पायाखालच्या मऊ चिकणमातीत, जवळजवळ आडव्या घसरणीमुळे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ताकदीतला हा दुपटीचा फरक कमी चिकट, मऊ मातींत जास्त दिसतो. अति चिकट मातींत तो कमी होत जातो. त्यामुळे नॉर्वेचे आकडे उचलून आलापल्लीला लावता येणार नाहीत. काळ्या मातीत दिशेचा प्रश्न मुख्यतः फुगणं, उभ्या भेगा आणि तिरक्या घसरगुंड्या यांतून येतो. म्हणून इथल्या मातीचे आकडे इथेच काढावे लागतात.

महाराष्ट्रात हे ज्ञान आहे का?

आहे, आणि जुनं आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षं काम केलं. कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाचे कालवे काळ्या मातीत फुगून फुटत होते. कट्टी यांनी उपाय सुचवला तो असा: काळ्या मातीवर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा साधारण १ मीटर जाडीचा थर द्या. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे योग्य प्रतीचा मुरूम. हा थर खालच्या मातीचं फुगणं दाबून धरतो. सीएनएस थर या नावाने ही पद्धत पुढे भारतीय मानक आयएस ९४५१ मध्ये आली. १९८० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काळी माती भिंतींना बाजूने किती जोर लावते, यावरही काम केलं. म्हणजे आडव्या दिशेचा प्रश्न तेव्हाच हाताळला गेला होता.

दुसरं उदाहरण मुंबईच्या पलीकडचं. न्हावाशेवा, उरण, उलवे या खाडीकाठच्या पट्ट्यात मऊ सागरी चिकणमाती आहे. तिच्यावर कंटेनर यार्डासारखं जड काम करायचं तर आधी आतलं पाणी काढावं लागतं. त्यासाठी जमिनीत ठरावीक अंतरावर उभ्या निचरा-पट्ट्या घालतात. पाण्याला वर येण्यासाठी पूर्ण थर चढावा लागत नाही, ते आडवं वाहून जवळच्या पट्टीत शिरतं. अशा थरदार मातीत पाणी उभं वाहण्यापेक्षा आडवं सहज वाहतं. इथे दिशासापेक्षता इंजिनिअरच्या कामी आली.

मोठा पैसा असलेल्या प्रकल्पात मातीला दिशा विचारली जाते. आलापल्ली-सिरोंचासारख्या रस्त्यावर ती क्वचितच विचारली जाते.

प्रत्येक रस्त्याला एवढं मॉडेल हवं का?

नाही. गावच्या रस्त्यासाठी एस-क्ले १ चालवणं म्हणजे उंदीर मारायला तोफ आणण्यासारखं. त्यासाठी न मोडलेले नमुने काढावे लागतात, ते उभे, आडवे आणि तिरके कापून तपासावे लागतात. त्याला वेळ लागतो, चांगली प्रयोगशाळा लागते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती सहज मिळत नाही.

पण उंच भराव, पुलाला लागून असलेला भराव, मोठी मोरी, चिकणमातीवर रचलेला खाणीचा ढिगारा अशा ठिकाणी हा खर्च वाचवणं महागात पडतं. साध्या रस्त्यावर तर मॉडेलशिवायही दिशेचा विचार करता येतो. कडा उघड्या न ठेवता झाकायच्या. गटार रस्त्याला चिकटून न ठेवता लांब न्यायचं. काळ्या मातीच्या तुकड्यांवर सीएनएस थर द्यायचा किंवा मातीत चुना मिसळायचा. मोरीच्या भिंतीमागे काळी माती न भरता न फुगणारी भरायची.

भामरागडचा संपर्क पर्लकोटेच्या पुराने दर पावसाळ्यात तुटतो. पूर ओसरल्यावर आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर आलापल्लीचाच रस्ता. या रस्त्यावर गेलेला एकेक तास कुणाच्या तरी जिवाशी जोडलेला असतो. म्हणून "मातीच तशी आहे" हे उत्तर आलं की तिथे थांबायचं कारण नाही. पुढचे प्रश्न कुणालाही, अगदी माहितीच्या अधिकारातही विचारता येतात:

कामाआधी मातीचे नमुने किती ठिकाणी घेतले? काळ्या मातीचे तुकडे नकाशावर वेगळे दाखवले का? फुगण्याची चाचणी झाली का, आणि मोरीच्या भिंतींसाठी बाजूचा जोर धरला का? रस्त्याचे थर ठरवताना ट्रकचं खरं वजन मोजलं की कागदावरचं घेतलं? कडेला आणि गटाराला काय तरतूद केली?

या प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये असतील, तर माती अवघड होती हे मान्य करता येईल. फाइलमध्ये सीबीआरचा एकच आकडा असेल, तर दोष मातीचा म्हणता येणार नाही.